स्लीव्हनंतर ५ आठवडे : मळमळ, फेस आणि नऊ दिवसांवर आलेली येळवस

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातली, वय ३४. पाच आठवड्यांपूर्वी पुण्यात माझं स्लीव्हचं, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर कापून लहान करायचं, ऑपरेशन झालं. आधी वजन ११२ किलो, उंची ५ फूट २ इंच, शुगर सात वर्षांपासून, आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा. आता वजन १०१ आहे आणि शुगरची एक गोळी बंद झाली. ऑपरेशनचा पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगते.

पातळ होतं तोवर सगळं उतरायचं. घट्ट सुरू केलं आणि बिघडलं. दोन घास खाल्ले की छातीच्या मधोमध काहीतरी अडकून बसतं, तोंडाला पाणी सुटतं आणि मग पांढरा फेस येतो. अन्न पडत नाही, नुसता फेस. सकाळी उठल्यापासून मळमळ. घरात फोडणी पडली की मला अंगणात जाऊन बसावं लागतं.

डाएटच्या कागदावर ओट्स, ब्रोकोलीचं सूप, टोफू लिहिलंय. आमच्या घरी ज्वारीची भाकरी, येसरची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. कागद आणि चूल यांचा मेळ कसा घालायचा?

आणि नऊ दिवसांवर येळवस (वेळ अमावस्या) आलीय. शेतात चाळीस माणसं जेवायला. सासूबाईंची आंबिल, भज्जी (डाळीच्या पिठातली मिश्र भाजी), उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), खिचडा, गव्हाची खीर. घरची सून पंगतीत बसून खात नाही म्हटलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी काय खाऊ, किती खाऊ, आणि नाही कसं म्हणू?

काळीमाती
ताई, मी बीडकडचा. वजनासाठीचं पोटाचं बायपास होऊन सहा वर्षं झाली. तुमचं वाचून माझा दुसरा महिना आठवला. तो फेस म्हणजे लाळच असते. घास खाली सरकत नाही म्हणून वर साचते. तीन कारणं असतात : घास मोठा, खाणं घाईचं, नाहीतर पदार्थ कोरडा. माझं तिन्ही चुकत होतं. आपण शेतकरी माणसं, दहा मिनिटांत ताट मोकळं करायची सवय.

माझ्या बायकोनं काय केलं सांगतो. पोराला लहानपणी दूध पाजायचं चांदीचं बोंडलं माळ्यावरून काढलं. म्हणाली, आता ह्यातूनच पाणी प्यायचं आणि ह्यातूनच वरण. तेवढंच मावतं त्यात, त्यामुळं हात आपोआप आवरला. दोन महिने मी बोंडल्यानं जेवलो.

गोदाकाठ
जेवताना पाणी पिता का? माझ्या बहिणीचं तेच चुकत होतं. जेवणाबरोबर पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही हे तिला सांगितलेलं होतं, पण भाकरी अडकली की हात तांब्याकडे जायचाच. अडकलेल्या घासावर पाणी ओतलं की ते पाणीही वर येतं.

आहारवाली_संभाजीनगर
मी आहारतज्ज्ञ आहे आणि अशा पेशंटसोबत काम करते. सविस्तर लिहिते, कारण कागद आणि चूल यांचा प्रश्न मराठवाड्यातली निम्मी माणसं विचारतात.

आधी आत काय झालंय ते डोळ्यांसमोर आणा. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. पूर्वी पिशवी होती, ती ताणायची, सैल व्हायची. नळी तशी ताणत नाही. म्हणून एक घास जास्त झाला तरी दाब लगेच छातीत जाणवतो.

पाचव्या आठवड्यात मऊ अन्न असतं, पण मऊ म्हणजे नक्की काय यात घोळ होतो. चपाती आपल्याला मऊ वाटते, पण चावल्यावर तिचा कणकेसारखा गोळा होतो आणि अडकतो. चिकट भाताचंही तेच. भगर पोटात गेल्यावर फुगते. भाकरी कोरडी खाल्ली तर अडकणार. मात्र ताजी भाकरी वरणात बारीक कुस्करून पंधरा मिनिटं भिजवली की बहुतेकांना उतरते. त्याहून सोप्या ज्वारीच्या कण्या. भरपूर पाण्यात शिजवून, घोटून, वर ताक. अंबाडी आणि मेथीचे देठ, शेवग्याची शेंग, संत्र्याच्या फोडीची साल हे दोन महिने तरी लांब ठेवा, रेषा गुंततात.

पण कण्या आणि आंबिल यांवर पोट भरू नका. ताटात पहिला मान प्रोटीनचा. दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतं आणि पातळ ताकातून ते मिळत नाही. एका अंड्यातून ६ ग्रॅम, एक ग्लास दुधातून साधारण तेवढंच. घरचं दही फडक्यात बांधून चार तास टांगलं की चक्का होतो. तुमच्या कागदावर ग्रीक योगर्ट असेल तर त्याच्या जागी हाच. तुरीचं घट्ट घोटलेलं वरण, सालीशिवाय मुगाचं वरण, उडदाचं घुटं बिनतिखटाचं, हाताने कुस्करलेलं ताजं पनीर. अंडं उकडून कोरडं खाऊ नका, वरणात किंवा दह्यात कुस्करा. नॉनव्हेज खात असाल तर मासा आधी, चिकन खूप नंतर आणि रश्श्यातच.

चहाचा चमचा वापरा. जेवण २० ते ३० मिनिटांचं. शरीर इशारा देतं : उचकी, एकदम शिंक, नाकाला पाणी, छातीत दाब. यातलं एक आलं की ताट बाजूला. पुढचा घास फेस आणणारच.

वासाचं : गरम अन्नाला वास जास्त येतो. कोमट किंवा गार खा. चक्का, गार वरण, थंड दूध यांनी फोडणीचा त्रास टळतो. प्रोटीन पावडर गोड व्हॅनिलाची असेल तर तिनंही मळमळतं. बिनचवीची घ्या आणि ताकात घाला.

परभणीची_पोर
औषधांकडेही बघा. मला लोहाची गोळी रिकाम्या पोटी घेतली की तासाभरात ढवळायचं. डॉक्टरांना विचारून रात्री घेतली तेव्हा थांबलं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास तरी हवेत. मोठी कॅल्शियमची गोळी गिळण्याऐवजी चावायची मिळते.

माझंही ऑपरेशन झालंय. दिवसाला दीड लिटर पाणी बोंडल्यानं कसं पुरवायचं हा मोठाच प्रश्न होता. मोबाईलमध्ये दर दहा मिनिटांची घंटी लावली आणि दोन-दोन घोट.

सरळसाधा
राग मानू नका, पण चाळीशीच्या आत पोट कापून घेण्यापेक्षा रोज पहाटे दहा किलोमीटर चाललं असतं तर? आमच्या आजोबांनी कधी जिम पाहिली नाही.

काळीमाती
सरळसाधा, राग नाही, पण ऐका. मी दोनदा तीस-तीस किलो कमी केलं आणि दोन्ही वेळा परत आलं. १३८ किलोचा माणूस दहा किलोमीटर चालत नाही, त्याचे गुडघे चालू देत नाहीत. ऑपरेशन झाल्यावर मी आता रोज सहा किलोमीटर चालतो. आधी चालायचं मनात नव्हतं असं नाही, शक्यच नव्हतं.

आहारवाली_संभाजीनगर
जठराच्या काढलेल्या भागात भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जास्त तयार होतं. तो भाग गेल्यावर भूक बदलते. हे नुसतं पोट लहान करणं नाही.

सरळसाधा
हे मला माहीत नव्हतं. मागे घेतो. ताईंना शुभेच्छा.

हिंगोलीकर_मामा
मळमळीवर सोपा उपाय, ग्लासभर पाण्यात सोडा नाहीतर इनो. ढेकर आला की मोकळं.

आहारवाली_संभाजीनगर
मामा, कृपया नको. गॅसवालं काहीही या नळीत दुखतं. आल्याचं कोमट पाणी घोटघोट चालेल.

मांजराकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मी चपातीच खात होते आणि वर पाणी पीत होते, म्हणजे दोन्ही चुका. बोंडलं शोधायला सांगितलंय.

पण एक लिहायचं राहिलं. गेले चार दिवस उलट्या वाढल्यात. परवापासून पाणीही राहीना. दोन घोट घेतले की परत. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवी दिवसातून दोनदाच, तीही गडद. घरचे म्हणतात ऑपरेशन झालंय, एवढं होणारच, सोसायला पाहिजे. गावातले कंपाउंडर संध्याकाळी येऊन ग्लुकोजची बाटली लावतो म्हणालेत. त्यानं तरतरी येईल ना?

नांदेडचा_फिजिशियन
ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आत्ता वाचा. मी नांदेडला मेडिसिनची प्रॅक्टिस करतो.

पाणी राहत नाही हे सोसायचं लक्षण नाही. आजच, संध्याकाळची वाट न पाहता, लातूरला मोठ्या दवाखान्यात जा. जाता जाता पुण्याच्या सर्जनना फोन करा.

नुसती ग्लुकोजची बाटली घरी लावून घेऊ नका. कारण सांगतो. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, शरीरात जेमतेम २ ते ३ आठवडे पुरेल एवढंच साठलेलं असतं. तुमचं खाणं पाच आठवडे कमी आणि वर उलट्या. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. साठा संपत आलेला असताना शिरेतून ग्लुकोज गेलं की उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. तोवर सलाईन म्हणजे मिठाच्या पाण्याची बाटली. आपल्याकडे सगळ्याच बाटल्यांना सलाईन म्हणतात, त्यामुळे बाटलीवरचं नाव वाचून घ्यायला सांगा.

दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला : "पाच आठवड्यांपूर्वी स्लीव्ह झाली आहे, चार दिवस उलट्या आहेत, थायमिन द्या." वस्तू दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही आहे का? ताप, धडधड, डाव्या खांद्यात दुखणं? असेल तर तेही सांगा.

मांजराकाठ
दोन-दोन दिसत नाही. ताप नाही. पण काल अंगणात चालताना भिंत धरली होती.

नांदेडचा_फिजिशियन
निघा. गाडीत बसल्यावर लिहा.

काळीमाती
ताई, घरच्यांना हे वाचून दाखवा. माझ्या वॉर्डातल्या एका माणसाला चार आठवडे उलट्या होत्या आणि सगळे सोस म्हणत होते. तो नंतर सहा महिने काठी घेऊन चालला.

मांजराकाठ
नवऱ्याला वाचून दाखवलं. निघालोत.

गोदाकाठ
तोवर विचारते, बोंडल्याला आमच्याकडे झिनूक म्हणतात. दोन्ही एकच का?

तेरणाकाठची_आजी
नाही गं. झिनूक पसरट, शिंपल्यासारखी, एका बाजूनं चोच. बोंडल्याचं पोट गोल आणि वर नळी. माझ्याकडे दोन्ही आहेत. सुनेच्या बाळंतपणात काढलं होतं.

काळीमाती
आजी, मग आमचं बोंडलंच. गोड खाण्याबद्दलही एक लिहून ठेवतो, येळवसला खीर असते म्हणून. मी बायपासनंतर वर्षभरानं गुऱ्हाळावर गेलो आणि पाव ग्लास उसाचा रस प्यालो. वीस मिनिटांत घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब. भावानं घोंगडीवर आडवं केलं. नंतर कळलं, याला डंपिंग म्हणतात. साखर सरळ आतड्यात पडते आणि आतडं पाणी ओढून घेतं. बायपासवाल्यांना जास्त होतं, स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. त्या दिवसापासून गूळ जिभेला लावण्यापुरता.

परभणीची_पोर
आणि माझ्या सासऱ्यांचं उलट. ऑपरेशननंतर शुगरची जुनी गोळी त्याच डोसनं चालू राहिली. एका दुपारी मळमळ, थरथर, घाम. मोजली तर ५४. खाणं कमी झालं की गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून परत ठरवून घ्यावाच लागतो. मांजराकाठ, तुमची उरलेली गोळी कोणती तेही दाखवा.

लातूररोड
एक नाजूक गोष्ट. उलट्या होत असतील तर पोटातून घ्यायची गर्भनिरोधक गोळीही टिकत नाही, आणि ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने दिवस जाऊ देऊ नयेत असं सांगतात. माझ्या मैत्रिणीची मळमळ ऑपरेशनची नव्हतीच. म्हणून ती तपासणीही करून घ्या.

*(तीन दिवसांनी)*

मांजराकाठ
आज घरी आले. सगळं सांगते.

लातूरला पोचल्यावर मी डॉक्टरसाहेबांनी सांगितलेलं वाक्य तसंच म्हटलं. ड्यूटीवरच्या मुलीनं मान वर करून बघितलं आणि आधी थायमिन दिलं. दोन दिवस इंजेक्शनं, सलाईन, पोटॅशियम कमी होतं ते भरलं. प्रेग्नन्सीची तपासणी निगेटिव्ह. शुगरची गोळी सध्या बंद. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. भीती होती की नळी एखाद्या जागी अरुंद झाली असेल, कारण तसं असेल तर फुग्यानं रुंद करावी लागते. वाट मोकळी निघाली. आत लाली आणि सूज होती. ॲसिडची गोळी मला तीन महिने घ्यायची होती. पाकीट महिन्याभरात संपलं आणि मी परत आणलंच नाही. कागदावर लिहिलेलं होतं, मी नीट वाचलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांशीही बोलणं झालं.

भिंत धरून चालत होते ते थायमिन आणि पाणी दोन्ही कमी झाल्यामुळे असावं, असं त्यांचं मत. आता सरळ चालते. नांदेडच्या साहेब, तुमचे उपकार शब्दांत मावत नाहीत. बाटली लावायला माणूस दारात आला होता.

नांदेडचा_फिजिशियन
बरं वाटलं. आता थायमिनची गोळी सांगितलीय तेवढे दिवस चुकवू नका. उलटी थांबवायची गोळी गरजेपुरतीच, तिनं बद्धकोष्ठ होतं आणि त्यानंही मळमळ वाढते. पुढच्या सहा महिन्यांत तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली दुखलं आणि ढवळलं तर पित्ताशयाची सोनोग्राफी करा. वजन वेगानं उतरताना तिथं खडे होतात. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका.

आहारवाली_संभाजीनगर
दोन दिवस परत पातळ, मग दोन दिवस घोटलेलं, मग मऊ. पायरी ओलांडायची घाई नको. येळवस कधी आहे आता?

मांजराकाठ
सहा दिवसांवर. आंबिल चालेल का, हाच प्रश्न राहिला.

गोदाकाठ
आंबट आहे, सूज असताना नकोच वाटतं.

आहारवाली_संभाजीनगर
ताज्या ताकातली, एकाच रात्रीची, लसूण-मिरचीशिवाय, पातळ आणि गाळलेली असेल तर तीन-चार चमचे चालतील. जळजळ झाली तर थांबायचं. आधी चक्का खायचा, आंबिल नंतर. भज्जीतले दाणे सालासकट असतात, म्हणून ती घोटून एक-दोन चमचे. उंडे आणि खिचडा यंदा नाही. खीर नाही.

तेरणाकाठची_आजी
आता मी सासू म्हणून लिहिते. मी पंचेचाळीस वर्षं येळवसचा स्वयंपाक केलाय. आदल्या रात्री झोप नसते. पहाटे डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन शेत गाठायचं, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग पंगत. कुणी ताट अर्धं ठेवलं की वाटतं, माझ्या हाताला चव राहिली नाही. तुझ्या सासूला राग येणार नाही, तिला भीती वाटेल. सून सुकत चाललीय आणि आपण खाऊ घालू शकत नाही, ही भीती. म्हणून पंगतीत नाही म्हणू नकोस. आधी, चुलीपाशी एकटी असताना सांग. आणि तिला काम दे. सांग, माझ्यासाठी वेगळं छोटं मडकं लावा. चाळीस माणसांत मग तीच तुझी राखण करेल.

काळीमाती
आजी, हे मला सहा वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. आई गेली, तोवर तिला वाटत राहिलं की मला तिचं जेवण आवडेनासं झालं.

तेरणाकाठची_आजी
आईला कळतं रे बाळा.

*(येळवसच्या रात्री)*

मांजराकाठ
शेतातून आत्ताच आलो. आजींनी सांगितलं तसं चार दिवस आधी सासूबाईंशी बोलले. दवाखान्याचे कागद दाखवले, दुर्बिणीतला फोटो दाखवला. त्या बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मग म्हणाल्या, एवढुशा जागेत मी भाकरी कोंबत होते होय. आणि डोळ्याला पदर लावला. दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून तांब्याएवढं मडकं आणलं.

पंगतीत त्या माझ्या शेजारी बसल्या. मावससासूबाईंनी दोनदा उंडा वाढायला हात पुढे केला, दोन्ही वेळा सासूबाईंनी ताटावर हात आडवा धरला. चक्का पाच चमचे, घोटलेली भज्जी दोन चमचे, मग अर्ध्या तासानं आंबिल, बोंडल्यानं. चक्का-भज्जीला पंचवीस मिनिटं लागली. भज्जीच्या दुसऱ्या चमच्याला शिंक आली, तिथं थांबले. फेस नाही. जळजळ नाही. हरभऱ्याच्या रानात थोडं चालले आणि कडब्याच्या सावलीत झोपले.

परभणीची_पोर
वाचून बरं वाटलं. माझा तिसरा महिना चालू आहे आणि केस मूठमूठ जातायत. हे थांबतं का?

आहारवाली_संभाजीनगर
तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेकांचे जातात आणि परत येतात. प्रोटीन किती जातंय ते आठवडाभर वहीत लिहा आणि इथे टाका. लोह आणि ब-१२ ही तपासून घ्या.

लातूररोड
मांजराकाठ, त्या छोट्या मडक्यातल्या आंबिलीचं प्रमाण द्याल का? बहिणीची स्लीव्ह पुढच्या महिन्यात आहे.

मांजराकाठ
सासूबाई सांगतायत तसं लिहिते. ज्वारीचं बारीक चाळलेलं पीठ दोन चमचे, गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचं. दोन वाट्या उकळत्या पाण्यात सोडून कच्चा वास जाईपर्यंत हलवत राहायचं. पूर्ण गार झाल्यावर एक वाटी त्याच दिवशी घुसळलेलं ताक, मीठ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. रात्रभर मडक्यात, वर फडकं बांधून. सकाळी गाळून घ्यायची. बहिणीला दुसऱ्या महिन्याच्या आत देऊ नका आणि आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, असंही त्या सांगतायत.